सोडलेला गाल

त्वचेच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या मावशींची मान सकाळपासून खालीच होती. कान मात्र समोरच्या बाकाकडे होते. तिथे एक बस ड्रायव्हर बसले होते आणि शेजारी शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई.

"काका, तुम्ही सनस्क्रीन लावत नव्हता का?"

"वीस वर्षं लावतोय. खिडकीतलं ऊन रोज उजवीकडूनच येतं."

"मग हा डाग नेमका उजव्या गालावर कसा?"

"तेवढा गाल सोडायचो. पोरगी कडेवर त्याच बाजूला असायची. मी घरात शिरलो की तिथेच पापा घ्यायची. क्रीममधलं केमिकल अंगात मुरतं, असं ऐकलं होतं. म्हटलं, तिच्या पोटात नको जायला."

"आधी तोंड धुवायचं."

"तेवढा दम कुठला तिला. दारातच झेपावायची."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"केमिकलचा अभ्यास अजून चालू आहे म्हणाले. उन्हाचं मात्र कधीच कळून चुकलंय."

"मुलगी आता केवढी आहे?"

"तेवीस. नोकरीला परगावी असते. रविवारी फोन करते."

"मग आता तरी लावा की त्या गालाला."

"रोज ठरवतो, बाई. पण तिथे आला की हात आपोआप थांबतो."