मिरचीची जांभळी गाडी

काका, जे दुखतच नाही ते वाईट आहे, हे माणसानं ओळखायचं कसं? — नाही, सांगा ना! इथल्या प्रत्येक डॉक्टरला विचारलं मी, सगळे पाठीवर थोपटतात आणि पुढे जातात. आमची मिरची — धाकटी बहीण हो माझी, सात वर्षांची, जीभ अशी तिखट की नावच पडलं मिरची — तिच्या खांद्यावर वाटाण्याएवढी गाठ आली. बाबा म्हणाले, किडा चावला. आत्या म्हणाली, उष्णता. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं मलम दिलं. मिरची म्हणायची, हा माझा भाडेकरू आहे, त्याला त्रास देऊ नका! वर्षभर आम्ही त्या भाडेकरूला मलम चोळत बसलो आणि त्यानं आत हातपाय पसरले.

पिशवी खाली ठेवा हो. मुलाला ऑपरेशनला आत न्यायची वेळ झाली आणि तुम्ही जिन्याकडे काय बघताय? — सुरी लागली की गाठ चिडते, हेच ना? आमचे बाबाही हेच म्हणत होते, अशीच पिशवी काखेत मारून. अहो, तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार कसं, साधी आहे की लाखात एखाद्या पोराला होणारी ती कॅन्सरची? मी गॅरेजात पत्रा ठोकतो. गंज वरून ठिपक्याएवढा दिसतो, आत वीतभर गेलेला असतो. चांगला पत्रा लागेपर्यंत कापावं लागतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमही तसंच करतात — जांभळ्या पेनानं गाठीभोवती ऐसपैस गोल काढतात, तेवढं सगळं काढून टाकतात. मिरचीनं त्या गोलाला डोळे आणि मिशा काढल्या होत्या! मॅडम हसून हसून बेजार. वेळेत आलेली पोरं उड्या मारत घरी जातात काका, मी बघितलीत. आमची मिरची तर म्हणते —

म्हणायची. हो, म्हणायची. आम्ही आणली तोवर ते छातीत पोचलं होतं. तुमच्या पहिलवानाचं तसं नाही, तुम्ही लगेच आलात. तोंड असं करू नका, तो बघतोय.

ए पहिलवान, इकडे ये! ही गाडी बघ. इथली पोरं झोपून नाही जात आत, हिच्यात बसून जातात, नर्सताई मागून ढकलते. पार खटारा झाली होती. मिरचीनं हुकूम सोडला, दादा, हिला त्या पेनासारखी जांभळी कर. केली. जरा उशीरच झाला. गंज कापला, रंग मारला, हॉर्न बसवला — वाजव, वाजव! — बास, बहिरे करशील सगळ्यांना.

ठेवलीत पिशवी? शाब्बास. जा काका, दारापर्यंत सोबत जा, पुढे सोडत नाहीत. मग या बाकावर येऊन बसा. मागचं डावं चाक कचकचतं, इथवर ऐकू येईल. त्या आवाजावरून आई ओळखायची, मिरची कुठवर पोचली ते. बाकी तिन्ही चाकांना तेल दिलंय मी. त्याला नाही दिलं.