मावशीची वेलांटी

शनिवार, १७ जानेवारी. इथे परदेशात, झुइडओस्टला दिवसभर भुरभुर पाऊस आणि वारा होता, सायकल काढलीच नाही. मग काय, लॅपटॉपवरची ई-पुस्तकं लावायला बसलो. यादीत 'आठवणी' दोनदा दिसलं, एकदा दीर्घ, एकदा ऱ्हस्व वेलांटीनं. एकच पुस्तक दोनदा आलंय असं समजून मी अशुद्ध नावाची फाइल न उघडताच पुसली आणि रिसायकल बिनही रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून मावशीचा फोन.

"वाचलंस का रे माझं?"

"तुझं काय?"

"लहानपणीचं! दिवाळीत आलास तेव्हा माझ्या फोनमधून घेतलं नव्हतंस? सत्तावीस पानं एका बोटानं टाइप केलीत."

मी वेलांटीचं सगळं सांगून टाकलं. विचारलं, "तुझ्याकडे आहे ना?"

"तो फोन बिघडला. म्हटलं, तू पुस्तकं जपतोस, तुझ्याकडे असेलच." मग म्हणाली, "आमचे मास्तरसुद्धा वेलांटीला अर्धा मार्क कापायचे रे. वही नाही फाडायचे."

तेव्हापासून दर रविवारी ती फोनवर सांगते आणि मी टाइप करतो. अकरा पानं झाली. बाकीचं तिला आठवत नाही.