कांबळं आखूड केलं कुणी?

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. वाडवडिलांचं वचन खरं असतं ना? असतं! मग तेच खरं वचन खोट्या माणसाच्या तोंडून आलं तर? तेव्हाही मान डोलवायची? बघा, बघा, आत्ताच डोलवलीत! अहो, मी अजून काही सांगितलंच नाही!

म्हणून आजचं आख्यान लांबचं आहे. पार समुद्रापलीकडचं. फिलिपिन्स! बेटांचा देश. भात, मासे, नारळ... आणि म्हणी! म्हणींना ते सालाविकाइन म्हणतात. आपल्यासारखी नुसती तोंडी लावायला नाही हं त्यांची म्हण! सोयरीक जुळवायची, म्हण. मयताला जमले, म्हण. भावकीतलं भांडण मिटवायचं, तरी म्हण! पणजोबा गेले, पण त्यांची अक्कल घरात राहिली. आणि आपल्या आख्यानातल्या गावाची तर रीतच होती: एकानं अर्धी म्हण म्हणायची, उरलेली सगळ्यांनी पुरी करायची. इथं मी चरण धरला की हे मागचे टाळकरी उचलतात ना, तस्संच!

त्या गावात एक मुलगी होती. मायुमी. शाळेत जाणारी, नुकता आवाज सापडलेली. मायुमी म्हणजे त्यांच्या भाषेत सौम्य, मृदू. ऐका पुढं, किती सौम्य ते! गावातल्या झाडून सगळ्या म्हणी तिला तोंडपाठ. म्हातारी माणसं अडली की तिला विचारायची!

एका डिसेंबरात वादळ आलं. छपरं उडाली, भिंती पडल्या, सगळं गाव शाळेच्या ओल्या फरशीवर येऊन पडलं. समुद्राकडून वारा असा, की दातावर दात! शहरातल्या भल्या लोकांनी कांबळी पाठवली. वाटणार कोण? गावचा कपितान, म्हणजे आपला सरपंच समजा. बर्नाबे त्याचं नाव.

कांबळी वाटली. पण काय गंमत! अंगावर ओढावं, तर पाय उघडे. पाय झाकावेत, तर छाती उघडी. लोक कुरकुरायला लागले. कपितान हुशार! त्यानं मायुमीला हाक मारली.

"ये गं पोरी. तुझ्यासारखा आवाज गावात नाही. ती कांबळ्याची म्हण ऐकव जरा सगळ्यांना."

कपितानानं आपल्याला बोलावलं! गावासमोर! मायुमी टुणकन बाकावर चढली. खणखणीत आवाजात म्हणाली,

"कांबळं आखूड जोवर..."

आणि सगळं गाव, "अंग आखडून झोप तोवर!"

संपलं! कुरकुर बंद. माना खाली. वाडवडीलच बोलले म्हटल्यावर पुढं कोण बोलणार?

आणि म्हण काय वाईट आहे का? आपणही म्हणतोच की, अंथरूण पाहून पाय पसरावेत! दोन मुलखांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, पण शहाणपण एक! माझं भांडण म्हणीशी नाहीच. ऐका.

मायुमी बाकावरून उतरली ती हवेतच. लोक कौतुकानं बघतायत की नाही, हे बघत बघत निघाली. कोपऱ्यात सेला बसली होती, तान्हं मूल घेऊन. मायुमी तिला 'आते सेला' म्हणायची. आते म्हणजे ताई हो, आत्या नव्हे! मूल रडून रडून निळं पडलेलं. सेला त्याला कांबळ्यात गुंडाळतेय, आणि पाय बाहेरच.

मायुमी ऐटीत म्हणाली, "आते, जरा आखडून घे ना त्याला."

सेलानं वर बघितलं. म्हणाली, "नऊ महिने पोटात आखडूनच होतं गं ते. आता बाहेर आलंय. आता तरी पाय पसरू दे!"

मंडळी, चपराक! मायुमीच्या गालावर नाही, काळजावर. ती खाली बसली, कांबळं पुरवायला ओढू लागली. आणि हातात काय आलं? दोरे! एक काठ दुमडून नीट शिवलेला. दुसरा? उसवलेला, सुटा, कात्रीनं कापलेला! तिनं शेजारच्याचं पाहिलं. तेही कापलेलं. त्याच्या शेजारचं? तेही!

गावात कुणालाच दिसलं नव्हतं का हो? दिसलं असतं! पण म्हण ऐकली आणि सगळ्यांनी पाय आखडले. काठ कुणी बघितलाच नाही!

मायुमी तरातरा कपितानासमोर. "कपितान, हे कांबळं आखूड नाही. हे आखूड केलंय! दुसरा तुकडा कुठाय?"

"लहान आहेस तू. तुझ्यापेक्षा जास्त तांदूळ खाल्लेत मी."

"ते दिसतंच आहे!"

(हसा, हसा! तिथंही हसले.)

"अगं, निवडणूक आली. तेव्हाही लोकांना काही द्यायला लागेल ना? ठेवलेत कोठारात!"

"तोवर हे मूल जगायला हवं ना!"

कपितान घामाघूम. मग त्यानं हात जोडले, डोळे मिटले, आणि त्याला वाटलं, एक म्हण फेकली की झालं. म्हणाला, "दया देवापाशी..."

थांबला. पण गावाची रीत थांबते का? सगळ्या गावाच्या तोंडून आपोआप निघालं,

"करणी माणसापाशी!"

म्हणाले, आणि एकमेकांकडं बघू लागले. अरेच्चा! यानं तर म्हणही अर्धीच कापून दिली होती! मग काय सांगू? सगळं गाव उठलं. कोठाराला कपितानाचं कुलूप होतं. पण दारात एवढी माणसं बघून किल्ली त्याच्याच हातानं बाहेर आली!

दिवेलागणीपर्यंत बायाबापड्यांनी तुकड्याला तुकडा जोडला. सेलाचं मूल कांबळ्यात पाय पसरून झोपलं. तेवढ्यात शेजारची तीन पोरं कुडकुडत आली. ओल्या फरशीवर त्यांच्या वाटणीचं कांबळं भिजलं होतं. सेलानं त्यांना आत ओढलं आणि हसून म्हणाली, "कांबळं आखूड जोवर..."

"अंग आखडून झोप तोवर!" पोरं खिदळली.

मायुमी बघतच राहिली. तीच म्हण! मघाशी हिनंच सगळ्यांची तोंडं बंद केली, आणि आता हसू फुटतंय? असं का?

कारण सेलाचे स्वतःचे पाय कांबळ्याबाहेर होते!

कळलं? वचन तेच, पण ते कांबळ्याच्या आतल्यानं म्हणावं. गादीवर लोळत फरशीवरच्याला ऐकवलं, की ते शहाणपण राहत नाही, चोरी होते! आणि चोरी कुणाची? वाडवडिलांचीच!

आता हसू नका, तुमच्याकडं वळते. भाजी संपली की सुनेला कोण सांगतं, "भागवून घ्यावं गं"? भावाचा क्लास लागला की बहिणीला कोण सांगतं, "समजून घ्यावं मुलींनी"? आणि सांगणाऱ्याचं ताट? भरलेलं!

आणि लांब कशाला जायचं? ते बघा, मागं खांबांना टेकून बायका उभ्या आहेत. केव्हापासून! आणि पुढं सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून कोण बसलंय? मान डोलवू नका, काका. सरका! तुम्हीही सरका! अजून थोडे! या हो मावशी, या पुढं...

सगळ्या बसल्या की मगच आरती.