ट्रेसरचा हात

(खांदा कॉलनी, १९९१. दुपार. मोरीत साळू भांडी घासते आहे.)

शशिकला : परत तेच. अहो, फॉर्मवर वडिलांची सही लागते. आज शेवटची तारीख, आणि चारला खिडकी बंद होते.

अवधूत : सुशांतला दुसरं काहीही करू दे. ड्राफ्ट्समनचा कोर्स नको.

शशिकला : मास्तर काय म्हणाले? दहावीच्या वर्गात याची एकट्याची प्रयोगवही अशी, की एक खाडाखोड नाही. अशा मुलाने नकाशेच काढावेत. बापाचा हात आलाय म्हणाले.

अवधूत : म्हणूनच नको.

शशिकला : वीस वर्षं ट्रेसर म्हणून काढलीत. त्याच नोकरीवर हे घर झालं. आता तिच्या नावाने बोटं मोडताय?

अवधूत : ट्रेसर म्हणजे काय गं? खालचा नकाशा वरच्या कागदावर जसाच्या तसा उतरवायचा. रेघ केसभर हलता कामा नये. आपलं डोकं मात्र घरी ठेवून जायचं.

शशिकला : जगात सगळेच तसे जातात.

अवधूत : तीन वर्षांपूर्वी प्लॉट पाडायचा नकाशा आला. जुन्या नकाशात डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. सतरा घरं. मी सतराही उतरवली. साहेब म्हणाले, ही काढून टाका.

शशिकला : कुठली वाडी?

अवधूत : आत भांडी घासतेय ना, तिची.

शशिकला : हळू बोला.

अवधूत : मी म्हटलं, साहेब, तिथे माणसं राहतात. ते म्हणाले, तुम्हाला कोणी विचारलं? मग बसलो. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही, अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागते. मग नखाने घासायचं, की कागद परत गुळगुळीत. सतरा घरांना अख्खी दुपार गेली.

शशिकला : त्यांनी सांगितलं, तुम्ही केलंत. तुमचा काय दोष?

अवधूत : वाडीवाल्यांनी अर्ज केला, आमची घरं खोडलीत म्हणून. वरून अधिकारी आले. कागद उजेडाला धरला, भिंगाने पाहिला. एक ओरखडा सापडला नाही. माझ्या जागी कोणी धसमुसळा असता, तर कागद फाटला असता आणि ती घरं वाचली असती.

शशिकला : जुना नकाशा होता ना?

अवधूत : गहाळ झाला म्हणाले. मग मला विचारलं. मी सांगितलं, पहिल्यापासून कागद असाच होता.

शशिकला : असं सांगितलंत?

अवधूत : सांगितलं. लाज वाटते शशी. पगाराच्या दिवशी जास्त वाटते.

शशिकला : वाटू दे. पण सुशांतने कुणाचं घोडं मारलंय? त्याला दुसरं काय येतं? हे पेन घ्या.

अवधूत : आण. झाली सही. त्याला सांग, फार सुबक काम करू नकोस.

शशिकला : असलं काही मी सांगणार नाही. साळू, झाली का गं भांडी?

साळू : झाली, बाय. सायब, तो कागद मीबी बघितला व्हता. मोठ्या सायबानं खिरकीशी धरून आमाला दावला. कायच नाय दिसलं.

अवधूत : साळू...

साळू : माजा नवरा बुधा तिथंच भांडत बसला व्हता. मीच त्याला बोलले, चल, आपलंच काय तरी चुकलं असंल.