तळव्यातल्या काळ्या रेषा

— न्हाई न्हाई पाव्हणं, आत सोडत न्हाईत अजून. मी आताच इचारून आले, सिस्टर वसकन अंगावर आली — आज्जी, घडीघडी दारात येऊ नका म्हणून. बसा हितं बाकड्यावर. ती पिशवी द्या इकडं. हैदराबादवरनं तसंच उपाशी आलाव, त्वांड बघा कसं उतरलंय तुमचं. आन बहिणीला न्यायला आलाव, ते बी ठाऊक हाय मला — फोनवर वरडायलाव ते बाजूच्या बाईला बी ऐकू गेलं. न्या की. मी कुठं न्हाई म्हणायली? सासू हाय मी रेणुकाची, पोलीस न्हाई. पर काय झालं ते ऐकून तर घ्या.

शुद्धीवर हाय, व्हय. डॉक्टर म्हणले, धोका टळला बहुतेक. — 'बहुतेक' कामून म्हणले असतील ओ? असू द्या. माझा व्यंकट? यील की, बायकू हाय त्याची. कामावर हाय तो, सुट्टी गावली की यील. त्याचं काय घेऊन बसलाव!

तुरीच्या राशी चालू होत्या बगा, तवापासून ही काळी पडाय लागली. मी म्हणलं, ऊन लागलं — आमच्या निंबर्ग्याच्या उनात कोण गोरं ऱ्हातंय? मग जेवण तुटलं. वाकून उठली की भिंत धरायची, डोळ्यापुढं अंधारी. अंगावरचं मास कुठं गेलं कळंना, पोलक्याच्या बाह्या लोंबायल्या. आन मीठ! लपून मिठाचा खडा चघळायची ओ. एकदा मी बघितलं, लोणच्याच्या बरणीतला खार बोटानं चाटायली. मला वाटलं, दिस गेलेत हिला — शेजारच्या यल्लम्माला जाऊन सांगून आले मी, तोंड गोड करून आले! कशाचे दिस न् कशाचं काय. एक डॉक्टर म्हणला अशक्तपणा हाय, सलाईन लावली, चार दिस बरी, परत तेच. दुसरा म्हणला, बाईला काही झालं न्हाई, मनाला लावून घेतीया. मग लोकाला तेवढंच पायजे व्हतं — काम नको, नाटक करायली, भायेरचं लागलंय. दर्ग्यात नेलं, दोरा बांधला. मी बी नेलं, कामून खोटं सांगू?

मग हे डॉक्टर सुगत भेटले. नौबादचे हायत, आपल्या बीदरचे, पर लई वर्सं तिकडं वेस्ट इंडीजला व्हते — ते किरकेटवाले न्हाईत का, त्यांच्या मुलखात, जमैकाच्या दवाखान्यात. त्यांनी हिचं पोट तपासलं न्हाई, छाती न्हाई — आधी म्हणले, बाई, मूठ उघडा. तळव्यातल्या रेषा बघितल्या. पाव्हणं, काजळाची काडी फिरवल्यावानी काळ्या रेषा! मी रोज तिच्या हातची भाकर खाल्ली, मला कवा दिसल्या न्हाईत. मग म्हणले, ओठ वर करा. हिरड्यावर बी तसलेच डाग. मग हळूच इचारलं, मीठ खावं वाटतंय का ओ? आन ही पोरगी रडाय लागली. हमसून हमसून. म्या म्हणलं, काय झालं गं? तर म्हणली, कुणी तरी इचारलं, अत्त्या.

डॉक्टर म्हणले, त्या मुलखातली माणसं मुळातच सावळी, कातडी बघून हे दुखणं कळत न्हाई, म्हणून त्यांच्या मोठ्या डॉक्टरनं शिकवलं — तळवा बघा, हिरडी बघा. आपली माणसं तरी कुठं गोरी हायत? मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन बारक्या गाठी असत्यात म्हणं, अंगाला जोर देणारा रस त्यातनं झिरपतो. हिच्या त्या गाठी जुन्या टीबीनं खाल्ल्या. टीबी कवा झाला, कवा आत बसला, कुणाला पत्ता न्हाई. रक्त हैदराबादला धाडलं, तसंच निघालं. मग टीबीचं औषध, आन ती बारकी पांढरी गोळी — जल्मभर. काय सांगू, आठ-धा दिसात पोरगी उठून चुलीम्होरं बसली! तवा पयल्यांदा माझ्याशी भांडली — भाजीत मीठ कमी हाय म्हणून. आमी दोघी किती हसलाव.

मग आता काय झालं म्हणताव? गोळी राहिली. चुकून राहिली... न्हाई, डबी भरलेलीच सापडली मला, उतरंडीमागं. तिनंच सोडली. डॉक्टरनं बजावलं व्हतं ओ, एक दिस बी सोडायची न्हाई, ताप आला तर उलट दुप्पट. तरी सोडली, कारण व्यंकट म्हणला — काय न्हाई. काय न्हाई म्हणला. ... आता गेलंच तोंडातून. म्हणला, जल्मभर गोळ्यावर जगणारी बायकू काय करायची? आन ही खुळी, गोळीबिगर जगून दावते म्हणली. दावली! जुलाब लागले, पाय गार पडले, नाडी हाताला लागंना. जीपमधी घातलं, डॉक्टरला फोन केला, ते म्हणले कुठं थांबू नका, सरळ आणा, मी इंजेक्शन भरून दारात उभा ऱ्हातो. ऱ्हायले बी. आन दुसरा फोन व्यंकटला केला.

कामावर न्हाई तो. लातूरला गेलाय. पोरगी बघायला. — उठू नका, बसा, माझ्यावर वरडा पायजे तर. म्हणला, आई, पाव्हण्यासमोर बसलोय, मग बोलतो. म्या म्हणलं, तिकडंच ऱ्हा, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. पोटचा लेक हाय, पर म्हणलं. आता सून बी नेलाव तर मी भांडू कोणाशी, सांगा. नेऊ नका ओ तिला. तुमच्या घरी तिच्या गोळीकडं कोण बघंल?

आलं, दार उघडलं — काय म्हणली सिस्टर? एकालाच? तुमी जावा. मी गेले तर माझ्या तोंडाकडं बघून ती 'येत न्हाई' म्हणंल, तसलं नको मला. आन लातूरचं तिला सांगू नका.

...काय? तिला ठाऊक हाय? तिनंच सांगितलं तुमाला? कवा? — ह्या बारीला आजारी पडायच्या आधी? न्यायला या म्हणून तिनंच फोन केला व्हता?

...

बरं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका म्हणावं तुमच्या बायकूला, आधी दोन घास खाऊ घाला. जावा. कामून थांबलाव? जावा की आत.