पाचवी कोंबडी

बसा मंडळी. पुढं सतरंजीवर जागा आहे. लिंबाजीमामा, तुम्ही खाली नका बसू, इथं खुर्चीवर या.

मला बोलायची सवय नाही. लग्नातसुद्धा मी माईक दुसऱ्याच्या हातात देतो. पण शेडवरच्या बायकांनी काल मला अडवलं. म्हणाल्या, गोदामावशींचं दहाव्याचं झालं, पण त्यांच्याबद्दल कुणी चार शब्द बोललं नाही. मी म्हणालो, लिंबाजीमामा भाऊ आहेत, ते बोलतील. मामा म्हणाले, "मला न्हाई जमायचं. चौदा वर्सं ती तुमच्याकडं हुती. तुमीच बोला."

म्हणून उभा राहिलो. मी बसवराज, ह्या पोल्ट्रीचा मालक. मुरुडहून, लातूरहून जी मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आपण बसलोय तो खाद्याच्या गोदामापुढचा ओटा. मागं दिसतात ती तीन शेडं. मावशी तिथं काम करायच्या.

त्या इकडच्या नव्हत्या. भूकंपात ज्या गावांचं काही उरलं नाही, त्यातल्या एका गावच्या. घर दगडमातीचं. नवरा गेला, लेक गेली. लेक आठ वर्षांची होती. मावशींना दुपारी बाहेर काढलं. लिंबाजीमामांनी त्यांना इकडं आणलं. मी तेव्हा पहिलं शेड नुकतंच उभं केलं होतं. अंड्याच्या कोंबड्या, तारेचे पिंजरे, सगळं नवंकोरं. मला माणसं पाहिजे होती.

पहिल्या दिवशी मावशी शेडात गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. पाण्याच्या हौदाजवळ बसल्या. मला वाटलं, वास सहन झाला नाही. नव्या माणसाला होतं तसं. मी जवळ गेलो. म्हणालो, "मावशी, होईल सवय."

त्या म्हणाल्या, "वासाचं न्हाई, मालक."

मग त्यांनी सांगितलं. भिंतीखाली त्या पडल्या होत्या तेव्हा दोन्ही हात अंगाखाली दबले होते. लेकीचा आवाज येत होता. मग यायचा बंद झाला. म्हणाल्या, "त्या वक्ताला मला देव आठवला न्हाई, पानी आठवलं न्हाई. निस्ता एक हात सोडवावा वाटत हुतं. एकच हात. ह्या कोंबडीला पंख उघडता येत न्हाई की वो. जल्मभर."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मावशी, कोंबडीला काय कळतंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कळत नसंल, तर ती तार का चावती?"

मंडळी, मी उठलो आणि खाद्याची पोती मोजायला गेलो.

तरी त्या राहिल्या. काम पाहिजे होतं, हे एक. दुसरं त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणाल्या, मी गेले तर दुसरी कुणी येईल, तिला दिसलं नाही तर? आणि त्यांना दिसायचं. एखादीची मान तारेत अडकली, एखादीची नखं वाढून जाळीत गुंतली, एखादी खालीच बसून राहिली आणि बाकीच्या तिच्यावर उभ्या राहिल्या, तर मावशी शेडाच्या ह्या टोकाला असल्या तरी त्यांना कळायचं. म्हणायच्या, आवाज बदलतो. माझ्या कानाला तो आवाज कधी बदललेला कळला नाही. पिल्लांनी पुढं एकमेकींना टोचू नये म्हणून त्यांच्या चोची कापतात, त्या दिवशी मात्र मावशी यायच्या नाहीत. मी रागावलो नाही, आणि चोची कापणं थांबवलंही नाही. दुसरी माणसं लावली.

मग लातूर वाढलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. क्लासेसच्या पाट्यांनी रस्ते भरले. नांदेडहून, देगलूरहून, मुखेडहून पोरं-पोरी यायला लागली. घर तिथं हॉस्टेल, हॉस्टेल तिथं मेस, आणि मेसमध्ये रोज अंडी. आपले साबीरभाई इथं बसलेत. त्यांचा अंड्यांचा धंदा त्या पोरांवर उभा राहिला, आणि माझा साबीरभाईंवर. एक दिवस ते आले. म्हणाले, "शेठ, माल कमी पडून राहिला. वाढवा. तुम्ही न्हाई वाढवला तर मला बाहेरून आणावा लागंल."

साबीरभाई, तुमच्यावर बोट नाही ठेवत. तुम्ही खरं तेच सांगितलं.

नवीन शेड बांधायला वेळ लागणार होता. म्हणून मी एका पिंजऱ्यात चारांच्या जागी पाच कोंबड्या घालायला सांगितलं. मावशींनी पाचवी हातात धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मालक, चारच बसत्यात. पाचवी कुटं ठेवू?"

मी म्हणालो, "बसते. दाबून घाला."

त्यांनी घातली.

आता जे सांगतो, ते मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मी माझ्या पोरीला भेटायला लातूरला गेलो. ती बारावीला होती. तिच्या खोलीत चार कॉटा होत्या. हॉस्टेलवाल्यानं पाचवी टाकलेली. दोन कॉटांच्या मधून पोरीला अंग चोरून जावं लागत होतं. वही उघडायला जागा नाही. मी खाली गेलो आणि त्या माणसाशी भांडलो. मोठ्यानं भांडलो. म्हणालो, "ही काय माणसं ठेवायची रीत झाली का? पाच जणी कशा राहतील हितं?" तो म्हणाला, "मागणीच तेवढी आहे, साहेब. राहतात. होते सवय."

दुसऱ्या दिवशी शेडावर येऊन मी तावातावानं हे सगळं सांगितलं. मावशी खाद्य टाकत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला दुसरी खोली बघा, मालक. लेकरू हाय." आणि पुढच्या पिंजऱ्याकडं गेल्या.

मी पोरीला दुसरी खोली बघितली. शेडातली पाचवी तिथंच राहिली.

त्यानंतरचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. दुपारी लाईट जायची ती संध्याकाळपर्यंत यायची नाही. एका दिवशी जनरेटरही बंद पडला. पंखे थांबले. पाण्याची मोटर थांबली. आम्ही गोणपाटं भिजवून जाळीला लावली, ती बघता बघता वाळली. शेडात सगळ्या कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. उष्णता झाली की पक्षी पंख अंगापासून लांब धरतो, तेवढाच वारा लागतो त्याला. पण पाच जणींत पंख लांब धरायचा कुठं?

मावशींनी पिंजऱ्याची दारं उघडायला सुरुवात केली. एकेक काढून बाहेर कडुलिंबाखाली नेऊन ठेवत होत्या. मी ओरडलो. "मावशी, मोकळ्या सोडू नका! पळून जातील!"

त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "पळू द्या की!"

पण एकही पळाली नाही. पळणार कशी? त्यांना जमिनीवर चालायचं माहीत नव्हतं. ठेवल्या तिथंच बसल्या. काही आडव्या झाल्या. आणि काहींनी पंख पसरले. पूर्ण पसरले, मातीवर, दोन्ही बाजूंना. माझी पोल्ट्री तेव्हा दहा वर्षांची झाली होती. कोंबडीचा पंख एवढा मोठा असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मग मीही काढायला लागलो. सगळ्याच काढत होतो. पण किती काढणार? शेडं तीन आणि हात मोजके. लाईट आली तेव्हा आत आवाजच उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी खड्डा खोदायला मशीन बोलवावं लागलं. मावशी त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ह्या समद्या भिंतीखाली मेल्या, मालक. भिंत पडली न्हाई, येवडंच."

त्या पावसाळ्यात मी पाचवी काढली. चारच ठेवल्या. मावशी खूश होत्या. मला स्वतःलाही बरं वाटत होतं, खरं सांगतो. पण दिवाळीनंतर मागणी चढली. साबीरभाईंची माणसं रोज विचारायला लागली. आजूबाजूच्या सगळ्या शेडांत पाचच होत्या. मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जागा जास्त दिलेली बरी. पण एकट्यानं देऊन काय होणार?"

काय होणार? मी हेच धरून बसलो. आणि पाचवी परत घातली.

ह्या वेळी मावशी काही बोलल्या नाहीत. मला त्या बोलायला पाहिजे होत्या. मी वाट बघत होतो. भांडल्या असत्या, काम सोडून गेल्या असत्या, तर कदाचित… कदाचित काय? मला माहीत नाही. मी आज इथं उभा राहून, तेव्हा मी ऐकलं असतं असं म्हणणार नाही.

त्यांना खोकला दोन वर्षांपासून होता. शेडातली विष्ठा साठली की डोळे झोंबतात, छाती भरते. तुम्हा बायकांना मी सांगायची गरज नाही. शेवटी त्यांना लातूरला दाखवलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, काम काय करता?" मावशी म्हणाल्या, "शेतात असते."

मी शेजारी उभा होतो. मी "पोल्ट्रीत" म्हणालो नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "मावशी, खोटं का बोललात?" त्या म्हणाल्या, "उगं तुमाला बोलले असते त्ये."

मंडळी, मला कुणीतरी बोलायला पाहिजे होतं.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकाला नळी होती. मी म्हणालो, "मावशी, बऱ्या व्हा. मग आपण सगळे पिंजरे काढून टाकू. मोकळ्या सोडू." असं आपण आजारी माणसाला म्हणतो. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमाला समदं कळतंय, मालक. पयल्या दिसापासून कळतंय. कळत नसतं तर मला येवडं वाईट वाटलं नसतं."

ह्याच्यावर मी काय बोलू? तुम्हीच सांगा. मी वाईट माणूस आहे, असं त्या म्हणाल्या असत्या तर सोपं होतं.

आता शेवटचं सांगतो आणि बसतो. कोंबडीची अंडी कमी झाली की तो लॉट काढायचा असतो. दीड वर्षाची झाली की संपलं तिचं. मधल्या शेडातला लॉट मावशींनी पिल्लापासून वाढवलेला. त्याची मुदत भरली. लिंबाजीमामा परवा माझ्याकडं आले. म्हणाले, "तिच्या हातच्या हायत. थोडे दिस राहू द्या." मी हो म्हणालो. जुन्या कोंबड्या कापायला नेतो त्या गाडीवाल्याला लगेच फोन लावला. पलीकडचा म्हणाला, तुमची नवी पिल्लं ठरलेली आहेत, शेड रिकामं लागेल तुम्हाला, माझी गाडी ठरलीय. मी ऐकून घेतलं. आणि मी "बरं" म्हणालो.

एवढंच म्हणालो. बरं.

मामा, तुम्हाला हे मी आत्ता सगळ्यांसमोर सांगतोय. एकट्याला सांगायचं धाडस झालं नाही. गाडी चार वाजता येईल. ज्या बाया इथं माझ्यासमोर डोळे पुसताहेत, त्याच उठून कोंबड्या धरायला जातील. मीच त्यांना सांगणार आहे.

मी कुठलंही वचन देत नाही. गोदामावशींनी ते ओळखलं असतं.

आता दोन मिनिटं शांत राहू. उभं राहायची गरज नाही, बसल्या जागीच. कुणी फोन बघू नका, कुणी बोलू नका. आपण गप्प झालो की मागच्या शेडांतून आवाज येईल. येऊ द्या. मावशी तो रोज ऐकायच्या. आज आपण ऐकू.