रेफरीचं घड्याळ

"रेफरी आंधळा आहे आणि वहिनी, तुम्हीही! चेंडू रेषेवरच होता, गोल कसला?" टीव्हीवरच्या फुटबॉल सामन्यासमोर आमचे धाकटे दीर तावातावाने ओरडत होते. पंचगंगा घाटावर पंचांग सांगतात, त्यामुळे घरातही शेवटचा शब्द त्यांचाच.

मी म्हटलं, "भाऊजी, ग्रहण सुटलं कधी म्हणता? शेवटची कड सुटल्यावर ना? तसा अख्खा चेंडू रेषेपार गेला की गोल. मी पाहिला, गेला."

"भास झाला तुम्हाला."

"मग रेफरीच्या घड्याळालाही झाला का? चहूबाजूंचे कॅमेरे चेंडू टिपतात, यंत्र त्याची जागा मोजतं आणि गोल झाला की क्षणात रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. वाचलंय मी."

"असं होय? यंत्राने सांगितलं?" भाऊजी एकदम मवाळले. "मग गोलच. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

शेजारी माझी लेक सुधा भाजी निवडत होती. सासरहून कायमची परतली, तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "हिच्या पाठीवरचे वळ मी याच डोळ्यांनी पाहून सांगितले, तेव्हाही भास म्हणालात आणि पोरीला परत त्याच घरी धाडलंत, त्या दिवशी कुणाचं घड्याळ थरथरायला हवं होतं, भाऊजी?"